कोकणातल्या परसात गाजर: बी रुजवण्यापासून काढणीपर्यंत

गाजराचे बी पेरून दहा दिवस झाले आणि वाफा कोराच राहिला, की बहुतेक जण बियाण्याला दोष देतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. कोकणात तर ‘आमच्या मातीत गाजर येत नाही’ हे इतक्यांदा ऐकायला मिळते, की हिवाळ्यातील परसबाग मुळा, तांबडा माठ, वाल आणि मिरची यांच्यापलीकडे सहसा जात नाही. दापोली तालुक्यातील आमच्या परसात मी काही वर्षे गाजर घेत आलो आहे. माझा अनुभव असा, की माती सुधारता येते आणि पौष-माघातली हवाही गाजराला चालते. पीक हातचे जाते ते पेरणीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत, वरची अर्धा इंच माती एकदा जरी पुरती सुकली तरी. म्हणून पुढे सर्वांत जास्त जागा मी त्या पंधरा दिवसांना दिली आहे.

गाजर हे कोथिंबीर, शेपू, बडीशेप आणि ओवा यांच्या कुळातले पीक आहे. ज्याला आपण गाजराचे बी म्हणतो तो खरे तर फळाचा अर्धा भाग असतो, आणि त्याच्या पोटात अंकुर इतका लहान असतो, की पाणी मिळाल्यावरही त्याला आधी बियाच्या आतच वाढावे लागते आणि मगच मूळ बाहेर येते. मुळ्याच्या बियात अंकुर आधीच पूर्ण वाढलेला असल्यामुळे मुळा तीन-चार दिवसांत वर डोकावतो. गाजराला मात्र सात ते पंधरा दिवस लागतात. या काळात बी एकसारखे ओलसर राहावे लागते. मूळ फुटल्यानंतर ते एकदा वाळले, तर मागाहून कितीही पाणी घातले तरी पुन्हा जीव धरत नाही. उगवणीला २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानवते, आणि मातीचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की उगवण जवळजवळ थांबते. उन्हात उघड्या पडलेल्या तांबड्या मातीवर दुपारी अनवाणी उभे राहून पाहिले, की आपल्याकडे हा आकडा किती सहज ओलांडला जातो ते कळते.

पेरणीची वेळ

परतीचा पाऊस ओसरल्यावर आपल्याकडे ऑक्टोबरचे कडक ऊन पडते, आणि बाजारात बियाण्याची पाकिटे नेमकी त्याच सुमारास येत असल्यामुळे अनेक जण दसऱ्यालाच पेरणी उरकून टाकतात. तशी घाई करू नये. दिवाळी उलटून पहाटे गवतावर दंव दिसू लागले, की पेरणीला सुरुवात करावी, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. गाजराच्या मुळाला रंग आणि गोडी १५ ते २१ अंशांच्या हवेत सर्वांत चांगली येते. कोकणात हिवाळ्यातही दुपार याहून गरम असते, त्यामुळे आपले गाजर घाटावरच्या गाजरापेक्षा थोडे आखूड आणि फिकट निघते हे आधीच धरून चालावे. आंब्याला मोहर आणणारी रात्रीची थंडी मात्र या पिकालाही उपयोगी पडते. सगळे बी एकदम न पेरता तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा पेरल्यास एक वाफा बिघडला तरी दुसरा हाती राहतो. जानेवारीच्या मध्यानंतर पेरू नये, कारण मग मूळ भरण्याचा काळ मार्च-एप्रिलच्या उकाड्यात येतो आणि गाजर फिके, दोरदार निघते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, आणि आपला पेरणीचा हंगाम नेमका त्याच वेळी असतो. एका वर्षी सर्व काही नीट पेरून मी दोन दिवस पुण्याला एका लग्नाला गेलो. परत आलो तेव्हा नुकते फुटलेले कोंब तपकिरी केसांसारखे मातीला चिकटून वाळले होते. तेव्हापासून पुढचे पंधरा दिवस घरी कोणी ना कोणी आहे याची खात्री केल्याशिवाय मी बी भिजत घालत नाही.

बी आणि जात

गाजराच्या जातींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. आशियाई गटातील जाती उष्णता अधिक सोसतात आणि लांब, रसाळ, तांबडी गाजरे देतात. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा केसर’ ही त्यांपैकी सर्वांच्या ओळखीची जात. युरोपीय गटातील ‘नँटीस’सारख्या नारिंगी जातींना अधिक गारवा लागतो, आणि फुलोऱ्यावर येण्यासाठी तर कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, म्हणूनच त्यांचे बी डोंगराळ थंड भागांत तयार होते आणि आपल्याला दर वर्षी विकत घ्यावे लागते. परसबागेसाठी मी ‘कुरोदा’ प्रकाराचे नारिंगी गाजर सुचवतो. ते आखूड आणि वर जाड असते, उकाडा बरा सोसते आणि आपल्या उथळ मातीत लांब तांबड्या गाजरापेक्षा सरळ उतरते. पहिल्यांदा पेरणाऱ्याने त्यापासूनच सुरुवात करावी.

परदेशी राहणारे नातेवाईक कधी कधी ‘पार्सनिप’ या पांढऱ्या, गाजरासारख्या कंदमुळाचे बी आणून देतात. ते गाजराच्याच कुळातले आहे आणि रुजवण्याची पद्धतही हीच आहे. फरक एवढाच, की उगवायला त्याला दोन ते चार आठवडे लागतात. त्याला जमिनीत चार-पाच महिने गारवा लागतो, आणि त्याची गोडी वाढते ती हिमतुषार पडल्यावर मुळातल्या पिठाची साखर होऊ लागली म्हणजे. कोकणात त्याला जेमतेम अडीच महिन्यांची, तीही सौम्य थंडी मिळणार. शिवाय त्याचे बी वर्षभरातच निर्जीव होऊ लागते. हौस म्हणून चार बिया टाकाव्यात, पण वाफा मात्र गाजरासाठी राखावा.

गाजराचे बी कोरड्या, थंड जागी दोन-तीन वर्षे टिकते, परंतु पावसाळ्यात भिंतींनाही ओल सुटणाऱ्या आपल्या घरांत इतका भरवसा धरता येत नाही. पाकिटावरची तारीख पाहून त्या हंगामाचेच बी घ्यावे, आणि उरलेले काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी भाजून गार केलेले मूठभर तांदूळ घालून ठेवावे, म्हणजे तांदूळ हवेतली ओल शोषून घेतात. गाजराच्या प्रमाणित बियाण्यालासुद्धा किमान उगवण ६० टक्केच अपेक्षित असते, म्हणजे शंभरातल्या चाळीस बिया रुजल्या नाहीत तरी ती फसवणूक नव्हे. पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात आणि दहाव्या दिवशी मोड मोजावेत. बारा-तेरा मोड आले असतील तर बी चांगले समजावे. आठच आले असतील तर बी दीडपट-दुप्पट दाट पेरावे, आणि चार-पाचच आले असतील तर ते बी बाजूला ठेवून नवे आणावे.

वाफा

जांभ्या दगडापासून झालेल्या आपल्या मातीत गाजराच्या दृष्टीने तीन उणिवा आहेत: ती उथळ असते, तिच्यात खडे असतात आणि ती आम्ल असते. कातळावर टीचभर माती असलेल्या परसात खोल खणण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्याऐवजी जांभ्याचे चिरे उभे लावून एक-सव्वा फूट उंचीचा वाफा बांधावा आणि तो चाळलेल्या मातीने भरावा. दोन घमेली चाळलेली तांबडी माती, एक घमेले नदीची वाळू आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा दोन पावसाळे कुजलेला पातेरा (पालापाचोळा), हे प्रमाण मला चांगले मानवले आहे. समुद्राची वाळू वापरू नये, कारण गाजराइतके खाऱ्याला नाजूक दुसरे भाजीपीक क्वचितच असेल. किनाऱ्याजवळच्या पुळणीच्या जमिनीत खोदाईचा प्रश्न नसतो. तिथे वाळू न घालता पातेरा आणि शेणखत दुप्पट घालावे, म्हणजे पाणी थोडे तरी धरून राहील.

शेणखत ताजे असेल, किंवा वाफ्यात खडा अथवा न कुजलेली काडी राहिली असेल, तर मुळाचे टोक दुखावते आणि गाजराला दोन-तीन पाय फुटतात. म्हणून माती चाळण्याचा कंटाळा करू नये. आम्लपणा कमी करण्यासाठी पेरणीच्या महिनाभर आधी चौरस मीटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम शेतीचा चुना मातीत मिसळावा. भाजका चुना तीव्र असल्याने तो इथे चालत नाही. चुना मिळाला नाही तर चुलीतली चाळलेली लाकडाची राख चौरस मीटरला दोन-तीन मुठी घालावी. राखेने आम्लपणाही थोडा उतरतो आणि मूळ भरण्यासाठी लागणारे पालाशही मिळते. युरिया किंवा शेणाची स्लरी या पिकाला देण्याचा मोह टाळावा, कारण नत्र वाढले की पाला कमरेला लागतो आणि खाली मूळ करंगळीएवढेच राहते.

पहिले पंधरा दिवस

पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा तळापर्यंत भिजेल इतके पाणी द्यावे आणि दुसऱ्या दिवशी माती वाफशावर आली, म्हणजे मुठीत दाबल्यावर लाडू वळतो आणि बोटाने टोचल्यावर तो फुटतो अशी झाली, की पेरणी करावी. बी आदल्या रात्री साध्या पाण्यात दहा-बारा तास भिजवावे, सकाळी फडक्यावर सावलीत पसरून वरचे पाणी जाऊ द्यावे आणि चमचाभर बियाला वाटीभर कोरडी बारीक वाळू या प्रमाणात हलक्या हाताने मिसळावे. एका ग्रॅममध्ये सुमारे आठशे बिया भरतात, त्यामुळे वाळू न मिसळता चिमटीने पेरले तर एके ठिकाणी झुबका आणि पुढे हातभर मोकळी जागा असेच होते. भिजवलेले बी तळहातावर घेऊन जरा चोळून पाहावे. त्यावरच्या बारीक उभ्या रेघा बोटाला लागतात आणि कोथिंबीर व रेझीन यांच्या मधला असा एक वास येतो; जुन्या, मेलेल्या बियात हा वास फारसा उरलेला नसतो.

काडीने एक फूट अंतरावर अर्धा इंच खोल रेघा ओढाव्यात, त्यांत झारीने थोडे पाणी सोडावे आणि ओल्या रेघेतच वाळू-बी भुरभुरावे. प्रत्येक रेघेत वीतभर अंतराने मुळ्याचे एकेक बी टोचावे. मुळा चौथ्या दिवशी उगवून ओळ दाखवतो, त्यामुळे गाजर वर येण्याआधीच बेणणी करता येते, म्हणजे तण काढता येते, आणि महिना-सव्वा महिन्यात तो काढून घेतला की गाजराला जागा मोकळी होते.

आता बी झाकायचे कशाने, हा कोकणापुरता फार महत्त्वाचा प्रश्न आहे. आपली तांबडी माती बारीक असते. ती भिजून सुकली की तिच्यावर पापडासारखा पापुद्रा धरतो, आणि गाजराचा कोंब इतका नाजूक असतो, की तो पापुद्रा फोडू शकत नाही. माझे पहिले दोन वाफे याच कारणाने गेले असावेत, कारण खुरप्याच्या टोकाने पापुद्रा उचलला तेव्हा त्याच्या खाली वाकलेले पांढरे कोंब अडकून पडलेले दिसले. म्हणून रेघा मातीने न बुजवता चाळलेल्या कुजक्या पातेऱ्याने किंवा पाण्यात धुऊन घेतलेल्या काथ्याच्या भुशाने बुजवाव्यात. काथ्याचा भुसा किनारपट्टीवर सहज मिळतो, परंतु नारळाची सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर त्यात मीठ उतरलेले असते, म्हणून तो गोड्या पाण्यातून दोन-तीनदा पिळून घेणे आवश्यक आहे.

झाकल्यावर तळहाताने हलके दाबावे, बारीक छिद्रांच्या झारीने पाणी शिंपावे आणि वाफ्यावर भिजवलेले गोणपाट पसरावे. गोणपाटामुळे माती दुपारी तापत नाही आणि ओलही टिकते. सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमारास असे दोनदा गोणपाटावरूनच पाणी शिंपावे; दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि तो मातीला उन्हापेक्षाही लवकर सुकवतो. दररोज एकदा गोणपाट उचलून खाली पाहावे, कारण आपल्याकडे ओले गोणपाट चार दिवस हलवले नाही तर त्याला वाळवी लागते, आणि चिऱ्यांच्या फटींत घर केलेल्या मुंग्या बी वाहून नेत असतील तर तेही वेळीच कळते. मुंग्यांची रांग दिसली तर फटीत उकळते पाणी ओतून चिखलाने फट लिंपून घ्यावी.

पाचव्या दिवसापासून अधिक बारकाईने पाहावे. पहिला कोंब गाजरासारखा मुळीच दिसत नाही. वाकलेला पांढरट देठ वर येतो, सरळ होतो आणि दोन अरुंद, सुतासारखी पाने उघडतो. ती इतकी गवतासारखी असतात, की आमच्या शेजारच्या काकूंनी मदतीच्या भावनेने एकदा निम्मी ओळ तण समजून उपटून टाकली होती. खरे, कातरलेले पान तिसरे येते, आणि तेव्हा कुठे ओळख पटते. ओळीत चार-पाच कोंब दिसले, की त्याच दिवशी संध्याकाळी गोणपाट काढून टाकावे. सगळे उगवण्याची वाट पाहत आणखी दोन दिवस ते तसेच ठेवले, तर आधी आलेले कोंब पिवळे आणि लांबडे होतात व बुंध्याशी कुजून कोलमडतात. गोणपाटाऐवजी पुढचे आठ-दहा दिवस दोन फूट उंचीवर माडाच्या झावळ्यांचा विरळ मांडव करावा, त्यातून सकाळचे ऊन पोचते आणि दुपारचे अडते. आता पाणी सकाळीच द्यावे, संध्याकाळी नको, म्हणजे रात्रभर बुंधा ओला राहत नाही. पंधराव्या दिवसापर्यंत जे उगवले ते आपले. मोकळ्या राहिलेल्या जागेत दुसरीकडची रोपे लावू नयेत, कारण उपटून लावलेल्या गाजराचे मूळ हमखास वाकडे होते.

विरळणी आणि पुढची निगा

रोप दोन-अडीच इंच झाले की विरळणी करावी. हे जिवावर येते, परंतु दाट ठेवलेल्या ओळीत एकही गाजर धड भरत नाही. आधी इंचभर अंतर ठेवून आणि तीन आठवड्यांनी दोन ते अडीच इंच अंतर ठेवून मधली रोपे काढावीत. पहिल्या वेळी ती उपटू नयेत, कात्रीने जमिनीलगत कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाचे मूळ हलत नाही. कापलेला कोवळा पाला कोथिंबिरीबरोबर चटणीत चांगला लागतो.

त्यानंतर पाण्याची पद्धत बदलावी. रोज शिंपडण्याऐवजी तांबड्या मातीत दोन-तीन दिवसांनी आणि पुळणीत दिवसाआड, पण वीतभर खोल भिजेल इतके पाणी द्यावे, म्हणजे मूळ ओलीच्या मागे खाली उतरते. माती खडखडीत सुकू देऊन मग एकदम भरपूर पाणी दिल्यास गाजर उभे तडकते. ओळींच्या मधे भाताचा पेंढा अंथरावा. खाडीजवळच्या विहिरींचे पाणी फेब्रुवारीपासून मचूळ होऊ लागते; ते जिभेला लागू लागले की गाजराला देऊ नये, नळाचे किंवा साठवलेले गोडे पाणी द्यावे. गाजराचा माथा मातीबाहेर दिसू लागला तर त्यावर लगेच भर घालावी, नाहीतर तो हिरवा आणि कडवट होतो.

उपटलेल्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमींच्या समजाव्यात. पुळणीच्या जमिनीत हा उपद्रव अधिक असतो. त्या वर्षी औषधाच्या मागे न लागता पीक काढून घ्यावे आणि पुढच्या हंगामात त्या वाफ्यात झेंडू दाट लावावा. वानर आणि रानडुकरे यांचा विषय गंभीर आहे. वानरांना गाजर काय आहे ते एकदा कळले, की ती ओळीच्या ओळी उपटून, एकेक घास खाऊन टाकून देतात, म्हणून घरामागच्या रानालगत वाफा न करता विहिरीजवळ किंवा पडवीसमोर, माणसांच्या नजरेत करावा आणि वरून मासेमारीच्या जुन्या जाळ्याने झाकावा.

काढणी

पेरणीपासून ऐंशी ते शंभर दिवसांत गाजर तयार होते. दिवस मोजण्यापेक्षा बुंध्याजवळची माती बोटाने बाजूला करून माथ्याची जाडी पाहावी. ती इंचभर किंवा थोडी अधिक झाली की काढायला हरकत नाही. आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे, सकाळी पाला मुठीत धरून आधी किंचित खाली दाबावे आणि मग सरळ वर ओढावे, म्हणजे पाला हातात येऊन गाजर आत राहत नाही. लागेल तसे थोडे थोडे काढत गेले तरी चालते, परंतु तयार झालेले गाजर मार्चच्या मध्यापलीकडे वाफ्यात ठेवू नये, कारण त्यानंतर मूळ जून होऊन आतला कणा लाकडासारखा होतो. काढल्याबरोबर पाला पिळून तोडावा, कारण तो गाजरातले पाणी ओढत राहतो. फ्रिजमध्ये जागा नसेल तर मातीच्या मडक्यात ओलसर नदीच्या वाळूचे थर देऊन गाजरे एकमेकांना न लागता रचावीत आणि मडके मोरीजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावे. आमच्याकडे ती अशी दहा-बारा दिवस कडक राहतात.

वाफा रिकामा झाला की त्यात चवळी टोकावी, आणि पुढची दोन वर्षे त्याच जागी गाजर, कोथिंबीर किंवा शेपू घेऊ नये.